अक्कांनी बोलून ठेवलेलं

अक्कांना कुणालाच उद्देशून नसलेलं वाक्य बोलता येत नसे. 'माल मोजून घ्यावा' असं एक वाक्य मी त्यांना एकदा संगणकावरून वाचून दाखवलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कोण घ्यायचा? घेणाऱ्याला नाव नाही? आईबाप नाहीत?" मी म्हटलं, "अक्का, हे सगळ्यांसाठी लिहिलंय." त्यावर त्या म्हणाल्या, "सगळे म्हंजे कोणी नाही, पोरी." मग त्यांनी पदर सावरला, फोन हातभर लांब धरला आणि घसा खाकरून व्हॉइस नोट सुरू केली. सुरुवात अर्थातच समोरचा जेवला की नाही या चौकशीने झाली. माल मोजण्याचा विषय निघेपर्यंत माझा चहा निवला होता.

आमचा कारखाना चेन्नैच्या अंबत्तूरला. ट्रकच्या स्प्रिंगांना लागतात ते रबरी बुश आम्ही बनवतो आणि ओरगडमच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीला पुरवतो. मी सांगलीहून येऊन तिथे क्वालिटीच्या खात्यात चिकटले, तेव्हा अक्कांना तिथे एवढी वर्षं झाली होती की कारखाना आधी की अक्का आधी, असा प्रश्न पडावा. हुद्दा मॅनेजरचा. कुठला माल कधी बनवायचा, कुठे ठेवायचा, कुठल्या लॉरीत चढवायचा, हे सगळं त्यांच्याकडे. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. सुती साडी, अंबाड्यावर अबोलीची वेणी आणि पायांत धावायचे बूट, अशा थाटात त्या दिवसभर कारखानाभर फिरत. पुढे कोण येतंय हे बघायची गरजच नसे, कारण आवाज आधी पोचायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं. "तू मराठी की? इतक्या लांब येऊन काय करूलीस?" मला वाटलं, बाई थट्टा करतायत. त्यांचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. त्यांची मराठी म्हणजे जुन्या पोथीतली वाक्यं कुणी तमिळ हेल काढून म्हणावीत तशी. 'करूलीस', 'येऊलें', 'अत्ता', आणि मध्येच एखादा 'अय्यो'. माझी मराठी ऐकून त्यांनाही हसू यायचं. "तुमची मराठी रेडिओवरची," त्या म्हणायच्या, "भात नाही तिच्यात." म्हणजे नेमकं काय नाही ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यांच्या डब्यातली डांगर पचडी खाताना मी वाद घालत नसे.

त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. मुलगी लग्न करून परदेशी गेलेली, अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये दोघंच. एका सकाळी मास्तर दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली. कळायचं सगळं, ओठांवर काही येत नसे. अक्का पंधरवडाभर दवाखान्यात होत्या. परत आल्या तेव्हा अबोलीची वेणी नव्हती, एवढाच फरक बाहेरून दिसला.

एके दिवशी जेवताना त्यांनी मला सांगितलं. घरी मास्तरांच्या गोळ्या डबीत भरताना त्या सवयीने मराठीत मोजत होत्या, एक, दोन, तीन. आणि मास्तरांचे ओठ हलले. आवाज नाही, पण ओठ हलले. दवाखान्यातली बोलणं शिकवणारी मुलगी महिनाभर तमिळमधून आणि इंग्रजीतून झटत होती, तेव्हा काही झालं नव्हतं. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, लहानपणची भाषा हीच का? मग दिवसभर तिच्यातच बोला, जितकं बोलाल तितकं बरं, आणि हे पहिले काही महिने फार मोलाचे आहेत. अक्का डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "चेन्नैत ती भाषा बोलायला त्यांना कोण आहे, सांग? मी. आणि मी दिवसभर इथं लॉरीवाल्याशी तमिळ बोलूलें." घरी मास्तरांजवळ एक तमिळ बाई बसायची. ती प्रेमळ होती, पण टीव्ही लावून बसायची.

म्हणून अक्कांनी राजीनामा दिला. मालक वाईट माणूस नव्हे. अक्कांबरोबरच त्यांनी एका प्रेसवर हा धंदा उभा केला होता. पण ओरगडमवाल्यांचं मोठं काम मिळायचं होतं आणि त्याआधी त्यांचा ऑडिटर येऊन बघणार होता की इथलं प्रत्येक काम कसं करायचं ते लिहिलेलं आहे की नाही. आणि लिहिलेलं काहीच नव्हतं, सगळं अक्कांच्या डोक्यात होतं. मालक हात जोडून म्हणाले, "अक्का, सगळं कागदावर येऊ दे, ऑडिट पार पडू दे. त्याच दिवशी तुमच्या कागदावर सही करतो." अक्कांना मान्य करावंच लागलं. आणि त्यांचं डोकं कागदावर उतरवायचं काम मालकांनी माझ्या गळ्यात घातलं.

अक्का लिहायला बसल्या की दोन ओळींत पेन ठेवत. बोलायला लागल्या की थांबत नसत. तेव्हा त्यांनी व्हॉइस नोट पाठवायच्या आणि मी त्या ऐकून कामाच्या सूचना लिहायच्या, असं ठरलं. कुठल्या भाषेत, हे मी विचारलंच नाही. पहिली नोट आली ती तंजावरच्या मराठीत. मी म्हटलं, अक्का, तमिळ मला आता बऱ्यापैकी कळतं, सवयीचं असेल तर तमिळमधून बोला. तर म्हणाल्या, "नको. घरी आम्ही दोघं इतकी वर्षं अर्धं तमिळ, अर्धं इंग्लिश बोलून जीभ बिघडवून घेतली. शब्द आठवत नाहीत मला. तुझ्याशी बोलून जीभ सरळ करून घेऊलें." म्हणजे कंपनीचं काम आणि मास्तरांचं औषध एकाच वेळी चाललं होतं. मालकांना याचा पत्ता नव्हता आणि मी तो लागू दिला नाही.

त्या नोटा मी बसमध्ये, मेट्रोत, पीजीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकल्या. लॉरी भरण्याची नोट तर मला पाठच झाली होती. "ड्रायवर आला की पहिलं विचार, जेवलास का. उपाशी ड्रायवर घाई करतो, पोरी. घाई केली की जड पेटी वर चढते, हलकी खाली दबते. त्याला दोन इडल्या दे, मग पेटीला हात लाव." यापुढे त्यांच्या नणंदेच्या लग्नात भांड्यांची लॉरी कशी उलटी भरली गेली याची हकिगत, ती संपून पुन्हा पेट्या. या सगळ्याचं मी कागदावर केलं ते असं: 'वाहन भरण्यापूर्वी चालकाच्या स्थितीची खातरजमा करावी.' हे वाचून दाखवल्यावर अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी कुणाचा तरी मुडदा पाडून आले आहे. "इडली कुठं गेली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी इडली परत घातली. ऑडिटच्या कागदात इडली असलेला तो बहुधा एकमेव कारखाना असावा.

इथवर ठीक होतं. पण अक्का माझ्याशीच रोज एवढं बोलतात, हे पॅकिंगमधल्या बायकांच्या डोळ्यांवर आलं. सेल्वी त्यांच्यात पुढारी. तिला अक्कांनीच कामाला लावलेलं, शिकवलेलं, नवऱ्याशी भांडण झालं की मध्ये पडून मिटवलेलं. ती फुरंगटून म्हणाली, "सांगलीच्या मुलीला सांगता आणि आम्हांला नाही?" अक्कांना कुणाचं मन मोडणं जमत नसे. मग त्यांनी तिला तमिळमधून एक नोट पाठवली, खास तिच्या नावाने. मग कल्पनाला हवी झाली, मग मोल्डिंगच्या मुरुगनला. बघता बघता कारखान्यातल्या प्रत्येकाच्या खिशात ज्याच्या त्याच्या नावाने बोलणाऱ्या अक्का जाऊन बसल्या. मी मान मोडून लिहिलेल्या सूचना प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर टांगल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ऑडिटचा दिवस उजाडला. ऑडिटर पोरसवदा होता, टाय लावून आलेला, घामाघूम झालेला, पण बोलायला सभ्य. स्टोअर झालं, मोल्डिंग झालं. मालकांच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. अक्का लांब दारापाशी उभ्या होत्या. पर्स खांद्याला होती, जणू सही झाली की तशाच निघणार. ऑडिटर सेल्वीच्या टेबलाशी थांबला. सेल्वीने आधी उठून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. तो म्हणाला, "थँक्स, अम्मा. हे पॅकिंग कसं करायचं ते तुम्हांला कुठून कळतं?" सेल्वीच्या पाठीमागेच भिंतीवर माझा कागद लटकत होता. मी डोळ्यांनी खुणावत होते. सेल्वीने एप्रनच्या खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि नोट लावली.

अक्कांचा आवाज पॅकिंगभर घुमला. "सेल्वी, जेवलीस का? हात कोरडे कर. तेलकट हाताने पिशवी धरलीस तर चिकटपट्टी सुटते. पिशवीत तीस नग घाल, मोजताना कल्पनाशी बोलू नकोस. आणि ऐक, पुढंमागं ऑडिटर येईल. घाबरू नकोस. तोही कुणाच्या तरी पोटचं पोर आहे. टाय लावून आला असेल तर उकडून उकडून चिडचिड करील. पंखा त्याच्याकडे वळव."

आधी ऑडिटरच हसला, आणि मग सगळं पॅकिंग हसलं. मी तर हसून भिंतीला टेकले. पण त्याने तसंच हसत हसत मान वर करून भिंतीवरचा कागद वाचला आणि विचारलं, "इथे पिशवीत पंचवीस लिहिलंय. फोनमध्ये तीस म्हणतात. खरं कुठलं?" खरं पंचवीस होतं. ओरगडमवाल्यांनीच मागच्या आठवड्यात बदल करायला सांगितलं होतं. अक्कांनी मला सांगितलं, मी कागद बदलला, पण सेल्वीच्या खिशातल्या नोटेत तीसच राहिले. सकाळपासून भरलेल्या पिशव्या त्याने उघडून बघितल्या. तीस, तीस, तीस.

त्याने त्रुटी लिहिली. रागावला नाही, उलट समजावून सांगितलं की भिंतीवरचा कागद बदलला की सगळ्यांसाठी बदलतो, पण प्रत्येकाच्या फोनमधलं बोलणं कोण बदलणार? पंधरा दिवसांनी तो परत येणार होता. तोवर एकाही फोनमध्ये असली सूचना दिसता कामा नये आणि विचारलेल्या माणसाला भिंतीवरचं सांगता आलं पाहिजे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला. मालक अक्कांकडे बघून अवघडून म्हणाले, "आता... तो परत येईपर्यंत तरी." आणि परत येऊनही तो नाही म्हणाला तर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

अक्का स्टोअरमध्ये जाऊन रिकाम्या खोक्यावर बसल्या. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी ग्लास घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. "माझीच चूक," त्या म्हणाल्या. "एकेकाला वेगळं सांगत बसलें. बदललेलं सांगायचं विसरलें. मास्तर तिथं दिवसभर तोंड मिटून बसूलेत आणि मी इथं सगळ्यांच्या खिशात बोलूलें." मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. त्या रडत नव्हत्या म्हणून मला रडता येईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना पॅकिंगमध्ये बोलावलं. "फोन काढा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "आणि माझ्या नोटा पुसून टाका. माझ्यासमोर." कुणी हलेना. सेल्वीने फोन पदराखाली धरला. "अक्का, तुम्ही गेल्यावर आम्हांला सांगणार कोण?"

"भिंत सांगेल. भिंतीला विचार."

"भिंत जेवलीस का विचारत नाही."

"ते तुम्ही एकमेकींना विचारा. त्याला मी कशाला लागते?"

सेल्वी रडायलाच लागली. अक्का तिच्याजवळ गेल्या, तिचे डोळे आपल्या पदराने पुसले आणि मग तिच्याच बोटाने एकेक नोट पुसायला लावली. तशा त्या टेबलाटेबलाशी गेल्या. मुरुगन म्हणाला, माझा फोन घरी राहिला. त्याच्या खिशात फोन वाजला आणि तोही पकडला गेला. शेवटी त्या माझ्यापाशी आल्या. मी म्हटलं, "अक्का, माझ्या तर कामाच्या आहेत. आणि त्या मराठीत आहेत, त्यांनी काय बिघडणार?" तसं म्हणताना मला स्वतःलाच कळत होतं की मला त्या हव्या होत्या त्या काही कामासाठी नव्हे. अक्कांनाही कळलं. "कागदावर घेतलंस ना सगळं? मग पूस. मला अर्धी नाही जायचं, पोरी. पुरी जाऊ दे." मी पुसल्या. भांड्यांच्या लॉरीची हकिगत सगळ्यात शेवटी पुसली.

पुढचे दिवस अक्कांनी विलक्षण काम केलं, म्हणजे काहीच केलं नाही. कुणी विचारायला आलं की त्या ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बोट दाखवत. बोलायची ऊर्मी आली की पाणी पीत. इतकं पाणी पिताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ऑडिटर परत आला तो या खेपेला टाय न लावता. सेल्वीला त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. सेल्वीने वळून भिंतीकडे बघितलं, सूचना एकेक करून सांगितल्या, पंचवीस नग मोजून पिशवीत घातले आणि चिकटपट्टी लावली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "जेवलात का, सार?" तो म्हणाला, अजून नाही. त्याने सही केली आणि कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर जेवायला बसला.

त्याच दुपारी अक्का निघाल्या. सत्काराला त्यांनी साफ नकार दिला, शाल घरी पाठवा म्हणाल्या. एरवी मालकांच्या गाडीत बसायला त्या लाजायच्या, त्या दिवशी आपण होऊन म्हणाल्या, "गाडी द्या, लवकर पोचेन." मालक फाटकापर्यंत आले. त्यांना काही बोलायचं होतं, ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला उगीचच गाडी जपून चालवायला सांगितलं. मला अक्का एवढंच म्हणाल्या, "घरी ये. पण फोनवर कारखान्याचं विचारू नकोस." गाडी वळणाआड गेली आणि माझं जेवणाचं टेबल रिकामं झालं. माझ्या सगळ्या मराठीला त्या गावात तेवढंच एक गिऱ्हाईक होतं. फार दिवस मला डबा गोड लागला नाही, हे सांगायला मला काही लाज नाही.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. अंबाड्यावर अबोली परत आली होती. मास्तर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते, अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, भांग नीट पाडलेला. मला बघून त्यांनी मान हलवली. अक्का सांगत होत्या, आता एकेक शब्द येतो. 'पाणी' येतं, 'नको' येतं, अक्कांचं नाव अजून नाही येत. दोन शब्द जोडून येत नाहीत, पण ती बोलणं शिकवणारी मुलगी म्हणते, येतील. कारखान्याबद्दल त्यांनी अक्षरही विचारलं नाही. मीही पाळलं.

मग त्या कॉफी करायला उठल्या. स्वयंपाकघर समोरच, दार सताड उघडं. "अहो, अत्ता दूध ठेवूलें बघा. दूध वर आलं की बारीक करायचं. काल उतू गेलं, आठवतं? आज जाऊ द्यायचं नाही. अत्ता कॉफी ओतायची तांब्याची डबरी घेतली, ही आत्याबाईंनी दिलेली. आत्याबाई आठवतात? त्यांच्या अंगणातली विहीर? त्या विहिरीत तुम्ही माझी चप्पल टाकली होती, लग्नाआधी..." हे असं, श्वास न घेता. मी ऐकत होते. मास्तरही ऐकत होते. आणि मग मला दिसलं की त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून वर उठतोय, कपाळाला आठ्या पडतायत, ओठ कशाशी तरी झटापट करतायत. मला भीती वाटली. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी बोट उभं केलं.

"उगी," ते म्हणाले. थोडं थांबले. "उगी रहा."

स्वयंपाकघरातलं बोलणं तुटलं. अक्का डबरी हातात घेऊन दारात आल्या. "काय म्हणालात? अहो, काय म्हणालात? परत म्हणा की!" मास्तरांनी वैतागून खिडकीकडे तोंड फिरवलं. अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "पोरी, ऐकलंस? दोन! दोन जोडून बोलले! नवरा मला उगी रहा म्हणाला!" मागे दूध उतू गेलं, गॅस तिघांपैकी कुणीही बंद केला नाही.

त्यानंतर त्या जे बोलत सुटल्या, ते मी सांगत बसत नाही. मी निघेपर्यंत मास्तरांना ते आणखी दोनदा म्हणावं लागलं.